हजला जाऊन आलेली तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. जुनी म्हणा, डागाळलेली म्हणा, मला राग नाही. पण पवित्र म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. तो एक शब्द चिकटवून लोकांनी मला दीड वर्ष कपाटावर चढवून ठेवलं होतं. मी बसायची वस्तू आहे, बघायची नाही. एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरायला किती त्रास झाला, तेच आज सांगणार आहे.

आधी माझी ओळख करून देते. मला तीन पाय आहेत आणि मधोमध ते एका बोल्टने एकत्र अडकवलेले आहेत. वर जाड कापडाची त्रिकोणी बैठक आहे. पाय फाकवले की मी बसायला तयार, पाय मिटले की झाले काठी. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण मी करते. तीन पायांची वस्तू कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांच्या खुर्चीखाली सतत कुणीतरी कागदाची घडी सरकवत असतं. माझ्याखाली आजवर कुणी सरकवलेली नाही.

माझे पाय पूर्वी चर्चमधल्या एका बाकाचा भाग होते. चर्चमध्ये नवे बाक आले तेव्हा जुने मोडीत निघाले. आमच्या गल्लीतल्या शिंपीमास्तरांचा मेहुणा सुतार होता. त्याने त्यातलं चांगलं लाकूड निवडून माझे पाय केले. त्या बाकावर पूर्वी कुणीतरी चाकूने आपलं नाव कोरलं होतं. रंध्याखाली त्यातलं अर्धं निघून गेलं, अर्धं अजून माझ्या एका पायावर आहे. प्रार्थना चालू असताना नाव कोरत बसणारा कोणी तरी होता, हे मला आवडतं. लाकडालाही तेवढाच विरंगुळा.

बैठक मास्तरांनी स्वतः शिवली. कापडाचे तीनही कोपरे दुमडून त्यांचे खिसे केले आणि पायांची टोकं त्या खिशांत बसवली. प्रत्येक खिशाला दुहेरी शिवण घातली. शेवटचा दोरा दातांनी तोडून मास्तर म्हणाले, "हत्ती बसला तरी उसवणार नाही."

"हत्ती म्हणजे मी का?" शिंपीणबाईंनी विचारलं. कारण मी त्यांच्यासाठीच केली होती.

शिंपीणबाई काज-बटणं करायच्या. दुकानात उजेड कमी, म्हणून त्या दाराबाहेर रस्त्याकडेला बसत. आधी त्या पायरीवर बसायच्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांची पाठ धरायची. मी आल्यावर ते थांबलं. बावीस वर्षं त्या माझ्यावर बसल्या. मांडीवर शर्ट, ओठांत सुई, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर बारीक नजर. गल्लीत कुणाचं कुणाशी बिनसलं हे त्यांना त्या दोघांच्या आधी कळायचं.

समोर घड्याळजींचं दुकान होतं. मास्तर त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून सगळी गल्ली उस्ताद म्हणे. त्यांची बायको लवकर गेली. एक लेक होती. तिचं लग्न याच गावात झालं, पण नवरा बोटीवर कामाला, म्हणून ती बापाजवळच राही. उस्ताद एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेले असत. दुपारी चहाला ते रस्ता ओलांडून येत आणि आल्या आल्या भांडणाला सुरुवात होई. हे भांडण चाळीस वर्षांचं होतं आणि त्याचा विषय एकच, देव.

उस्तादांना हजला जायचं होतं. आयुष्यात एकदा काब्यापाशी, देवाच्या त्या घरापाशी, जाऊन यायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. बायकोच्या आजारपणात एकदा राहिलं, लेकीच्या लग्नात एकदा राहिलं. मग गुडघा गेला. उजवा गुडघा असा दुखे की पन्नास पावलं चालले की त्यांना कुठेतरी टेकावंच लागे.

"तुझा देव काय एकाच गावात खोली घेऊन राहतो का?" मास्तर म्हणत. "आमच्यात बघ, ही कटकट नाही. दोघं जण खऱ्या मनाने कुठेही बसले तरी तो तिथे हजर. या दुकानातसुद्धा."

"या दुकानात मीही रोज नमाजाला चटई टाकतो, मास्तर. तो सगळीकडे आहे हे मला तुझ्याकडून शिकायला नको."

"मग इतक्या लांब कशाला जायचं?"

"तुझी आई तुझ्या मनात असते ना? म्हणून तिच्या घरी जायचं सोडलं होतंस का तू?"

यावर मास्तर चहा ढवळत बसत. साखर विरघळून पाच मिनिटं झालेली असत. मग म्हणत, "आमचेही लोक यात्रा करतात. मी नाही म्हणत नाही. पण नाही केली म्हणून काही राहून जात नाही."

"आमच्यात राहून जातं," उस्ताद म्हणत. "जमत असून गेलं नाही तर राहून जातं."

मित्रांनो, मी या दोघांच्या मध्ये बावीस वर्षं उभी होते. मी दोघांचं ऐकलं आणि माझं स्वतःचं एक मत बनलं. मास्तरांच्या चर्चमध्ये मानतात की देवच माणसाकडे आला, माणसासारखा राहिला. म्हणून आजारी माणसाच्या खाटेपाशी फादर स्वतः चालत जातात. उस्तादांच्या घरी मानतात की देव बोलावतो आणि माणसाने उठून जायचं असतं, पाय आहेत तोवर. एकाकडे तो येतो, एकाकडे आपण जातो. मला दोन्ही कळतं. माझं काम एवढंच, की येणारा किंवा जाणारा वाटेत थकला तर त्याला टेकू द्यायचं.

एके दिवशी उस्तादांनी जाहीर केलं, या वर्षी जायचंच. लेक रडकुंडीला आली.

"अब्बा, ज्याच्या अंगात ताकद नाही त्याला माफ आहे. मौलवींनीच सांगितलंय. तुम्हाला माफ आहे."

"माफी मागितलीय कोणी?" उस्ताद म्हणाले. "चाकाच्या खुर्चीत बसून जाऊ शकतो, तेही चालतं, ठाऊक आहे मला. पण काब्याभोवतीचे सात फेरे माझ्या पायांनी व्हावेत असं मला वाटतं. पन्नास पावलं चालेन, बसेन. पुन्हा पन्नास चालेन. तो थांबेल माझ्यासाठी, त्याला घाई नाही."

लेक हट्टी आणि बापही हट्टी. ती म्हणाली, "पन्नास पावलांनी बसणार कशावर? तिथे काय दर पन्नास पावलांवर पायरी आहे?"

शिंपीणबाई तोपर्यंत ओठांत सुई धरून ऐकत होत्या. त्यांनी सुई काढली, उठल्या, मला मिटवलं आणि उस्तादांच्या हातात दिलं. "माझी घेऊन जा. चालताना काठी, थकलात की तिवई. मी पायरीवर बसेन, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे." मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं आता भांडणं पुरे करा. जायचं ठरलंय."

मला विचाराल तर त्या क्षणी मी ताठ झाले. चर्चच्या बाकाचं लाकूड हजला निघालं होतं. ज्याला हसायचं त्याने हसावं, पण मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. लाकडाने कधी ओझ्याची जात विचारली नाही.

आता एक चूक सांगते. ती मास्तरांची आहे, पण तिच्यासाठी मी त्यांना कधी बोल लावला नाही.

निघायच्या महिनाभर आधी उस्ताद मास्तरांकडे आले आणि दोन पांढरी कापडं मागितली. एक कमरेला गुंडाळायला, एक खांद्यावरून घ्यायला. हजला पुरुष तेवढंच नेसतात. राजा असो की झाडूवाला, सगळे तसेच.

"शिवून कशी देऊ? घडी किती ठेवू?" मास्तरांनी फूटपट्टी उचलली.

"शिवायचं नाही. एकही टाका नको."

"काठ तरी दुमडू दे. सुतं निघतील."

"निघू देत. शिवलेलं चालत नाही त्या कपड्यांत."

मास्तर आ वासून बघत राहिले. "चाळीस वर्षांत माझ्या दुकानात येऊन शिवू नको म्हणणारं पहिलं गिऱ्हाईक तू." पण त्यांनी कापड सरळ फाडून दिलं आणि उस्ताद गेल्यावर बराच वेळ हातातल्या फूटपट्टीकडे बघत बसले.

शिवलेलं चालत नाही, हे त्यांच्या डोक्यात घर करून बसलं. दुसऱ्या दिवशी त्यांची नजर माझ्याकडे गेली. माझ्या तीनही कोपऱ्यांना दुहेरी शिवण होती आणि त्यांनीच ती घातली होती. त्यांच्या मनात भलतंच आलं. आपला मित्र म्हातारपणी, मोडक्या गुडघ्याने एवढा प्रवास करणार आणि आपल्या टाक्यांवर बसल्यामुळे त्याची हजच फुकट जाणार.

"अहो, विचारा तरी त्यांना," शिंपीणबाई म्हणाल्या. "बसायच्या वस्तूला कशाला लागू असेल हे?"

"चाळीस वर्षं त्याला शिकवतोय मी. आता मी विचारायला जाऊ, की तुमच्यात काय चालतं आणि काय नाही?"

हा त्यांचा ताठा. बाईंनी पुन्हा सुई ओठांत धरली. आणि मास्तरांनी मला मांडीवर घेऊन उसवायला सुरुवात केली. मित्रांनो, शिंप्याने स्वतःची चांगली शिवण उसवणं काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं. त्यांनी ब्लेड घेतलं नाही, कापड दुखावेल म्हणून. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलत गेले. दोन दुपारी त्यात गेल्या. सुई टोचून टोचून बोटं लाल झाली. मग त्यांनी कोपरे माझ्या पायांच्या टोकांवर ओढून घेतले आणि सुती दोरीच्या गाठी मारून आवळले. मास्तरांच्या हाताला शिवणीची सवय होती, गाठींची नव्हती. मला पहिल्याच दिवशी जाणवलं, या गाठी धरणार नाहीत. पण मी बोलू शकत नव्हते आणि बोलले असते तरी त्यांनी ऐकलं नसतं.

निघायच्या आधी उस्ताद दारोदार जाऊन माफी मागत होते. हजला जाण्यापूर्वी असं करतात. मास्तरांसमोर येऊन म्हणाले, "चाळीस वर्षांत काही बोललो असेन तर मनात ठेवू नकोस."

"पुष्कळ बोललायस," मास्तर म्हणाले. "पण ते राहू दे तसंच. सगळं माफ केलं तर तू आल्यावर भांडायचं कशावरून?" मग त्यांनी मला पुढे केलं आणि हळूच म्हणाले, "हिच्यात आता एकही टाका नाही. निर्धास्त जा."

उस्तादांनी माझे कोपरे बघितले. मग मास्तरांची बोटं बघितली. "बरं," एवढंच ते म्हणाले आणि मला काखेत घट्ट धरून गाडीत बसले.

प्रवासाचं फार सांगत नाही. विमानात मला सामानाबरोबर पोटात टाकलं, गळ्यात कागदी पट्टी अडकवली. तो अपमान मी उतरल्या उतरल्या विसरले.

कारण पुढे जे बघितलं ते बघितलं. चर्चमध्ये मला रांगा माहीत होत्या. पुढची ओळ, मागची ओळ, पुढच्या ओळीत कोण बसतं हेही माहीत होतं. काब्याभोवती ओळ नव्हती. वर्तुळात पुढचा कोण आणि मागचा कोण? सगळे एकाच पांढऱ्यात, सगळ्यांच्या ओठांवर एकच, आलो देवा, आलो. आणि त्या घराच्या आत म्हणे बघण्यासारखी एकही मूर्ती नाही, एकही चित्र नाही. लोक भिंतीसाठी रडत नव्हते. लांबचा पल्ला गाठून दारात पोचलेला माणूस जसा रडतो, तसे रडत होते. पण चर्चच्या रांगांना मी कमी लेखत नाही. तिथे शेजारच्या आजीला सूर सापडला नाही तर बाकावरचे सगळे मिळून तिचा सूर सांभाळून घेतात. इथे अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या डोक्यावर छत्री धरत होता. मला दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली आणि ती मी कुणालाही तोंडावर सांगेन.

हजमधला सगळ्यात मोठा दिवस अराफातच्या मैदानातला. दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत तिथे थांबायचं आणि मागायचं. तिथे नसलात तर हज झालीच नाही. बसून थांबलं तरी चालतं. पण उस्तादांनी मनाशी ठरवलं होतं, शेवटचा तासभर उभं राहायचं. बायकोसाठी, लेकीसाठी, आणि मला ठाऊक आहे, मास्तरांसाठीही.

ऊन उतरायला लागलं होतं. उठायच्या आधी जरा टेकावं म्हणून ते माझ्यावर बसले आणि गाठ सुटली. एक कोपरा निसटला, मी एका बाजूला गेले आणि उस्ताद उजव्या गुडघ्यावर पडले. त्यांच्या तोंडून आवाजही आला नाही. मला मिटवून काठीसारखं धरून ते तीनदा उठायला गेले. तीनदा खाली बसले. शेवटी मातीतच बसून राहिले, माझे पाय दोन्ही हातांनी धरून, सूर्य जाईपर्यंत. मी आयुष्यात एकदाच कलंडले आणि तेही त्या दिवशी. त्याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी तंबूत त्यांनी एका बाईकडून सुई-दोरा मागून घेतला. कमरेच्या पट्ट्यातून आपलं भिंग काढलं. ते त्यांनी सवयीने बरोबर आणलं होतं. भिंग डोळ्याला लावून ते माझा सुटलेला कोपरा शिवायला बसले. बारीक चाकं बसवणारे हात, पण शिवण अशी वाकडी की विचारू नका.

आमच्या यात्रेकरूंच्या गटाचा प्रमुख बघत होता. तो हसला. "बाबा, हे घरूनच का नाही शिवून आणलं? नियम अंगावरच्या कपड्यांचा आहे. शिवलेल्यावर बसायला कुणाची मनाई आहे? तुमचा पट्टा शिवलेलाच आहे की."

"ठाऊक आहे मला."

"मग या गाठी कुणी मारल्या?"

"माझ्या मित्राने. तो चर्चला जातो. त्याला वाटलं, त्याच्या टाक्यांनी माझी हज बिघडेल." उस्तादांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "ज्या गोष्टीवर त्याचा विश्वास नाही, तिच्यासाठी त्याने स्वतःची शिवण उसवली. तुम्ही हसू नका."

प्रमुखाचं हसू तिथेच मावळलं. त्याने खाली बसून उरलेल्या दोन गाठी आपल्या हाताने पुन्हा आवळून दिल्या.

काब्याचे सात फेरे उस्तादांनी वरच्या मजल्यावरून, भिंतीच्या कडेने पुरे केले. तिथे फेरा लांबचा पडतो. पन्नास पावलं नाही, वीस पावलंच जमत होती आता. वीस पावलं काठी, मग तिवई, मग पुन्हा काठी. सकाळी सुरू केलं ते दुपारपर्यंत चाललं. माझा वाकडा कोपरा एकदाही हलला नाही. सातवा फेरा संपला तेव्हा ते माझ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

घरी परतल्यावर लोकांची रीघ लागली. मास्तर गर्दीतून वाट काढत आले. पहिला प्रश्न माझ्याबद्दल. "टिकली का रे गाठ?"

"टिकली," उस्ताद म्हणाले.

बघा. हजहून आलेला माणूस आणि पहिल्याच दिवशी खोटं. पण मास्तरांचा चेहरा असा फुलला की मीही मूग गिळून बसले.

आणि मग माझी वाट लागली. लेकीने मला पुसलं, धुतलेल्या चादरीत गुंडाळलं आणि दुकानावरच्या घरात कपाटावर ठेवलं. काब्यापाशी जाऊन आलेली वस्तू, तिच्यावर आता कुणी बसायचं नाही. येणारे-जाणारे मान वर करून माझ्याकडे बघत. कुणी चादरीला हात लावून डोळ्यांना लावत. खरं सांगते, पहिले आठ दिवस मला बरं वाटलं. कुणाला नाही वाटत? नंतर धूळ बसायला लागली.

"अगं, ती वहिनींची आहे. परत द्यायचीय," उस्ताद म्हणत.

"परत देऊन त्या तिच्यावर बसतील, अब्बा."

"बसण्यासाठीच आहे ती. काब्याचीसुद्धा आपण पूजा करत नाही, फक्त तिकडे तोंड करतो. मग तिवईचं हे काय मांडलंयस?"

लेक डोळे भरून आणी आणि उस्ताद विषय सोडत. बापाचा सुजलेला गुडघा तीन महिने तिनेच शेकला होता. तिचं मन त्यांना मोडवत नव्हतं. हा त्यांचा दोष आहे आणि मी तो झाकणार नाही.

चादरीच्या फटीतून, खिडकीपलीकडे मला समोरचं दुकान दिसे. शिंपीणबाई पायरीवर बसायला गेल्या, ते जमेना. मग त्या रिळांचं एक खोकं उलटं टाकून त्यावर बसू लागल्या. दर थोड्या वेळाने उठून कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. एकदा लेक त्यांना म्हणाली, "मावशी, तुमची तिवई मी अगदी जपून ठेवलीय हां." बाई म्हणाल्या, "ठेव ग बाई. तिचा मान आहे." खोक्यावर बसून त्या हे म्हणाल्या. मी चादरीत गुदमरत होते. माझी मालकीण समोर खोक्यावर बसलेली आणि मी कपाटावर मान घेत बसलेली. असला मान चुलीत घाला.

दीड वर्षाने शिंपीणबाई गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस. खोकं दाराबाहेर तसंच पडून राहिलं.

चर्चच्या मागच्या बाजूला उतारावर कबरी आहेत. आमच्या खिडकीतून तो उतार दिसतो. सकाळी सगळी गल्ली तिथे जमली. मास्तरांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. फादर प्रार्थना म्हणायला लागले आणि मास्तरांचे पाय लटपटायला लागले. कुणीतरी चर्चमधून खुर्ची आणली. उकरलेल्या मातीत तिचा एक पाय रुतला. मास्तर बसायला गेले तशी खुर्ची कलंडली. लोकांनी ती दुसऱ्या जागी ठेवली, तिथेही कलंडली. मास्तर म्हणाले, "राहू द्या, उभा राहतो," आणि राहता येईना. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. मी तीन पायांची, मला मातीचं काय. पण मी कपाटावर.

मग उस्ताद वळलेले दिसले. लंगडत, भिंत धरत ते घरी आले. खोलीत येऊन त्यांनी स्टूल ओढलं, त्या गुडघ्याने त्यावर चढले आणि मला खाली घेतलं. लेक स्वयंपाकघरात माती देऊन परतणाऱ्या लोकांसाठी चहा करत होती. ती धावत आली.

"अब्बा, पडाल. आणि ही कुठे नेताय? हजची वस्तू तिथे, कबरीवर?"

"वहिनींची वस्तू आहे," उस्ताद म्हणाले. "दीड वर्ष आपण त्यांना खोक्यावर बसवलं. आज तरी त्यांच्या कामाला येऊ दे."

त्यांनी चादर माझ्यावरून ओढली आणि तिथेच जमिनीवर टाकली. लेक तिच्याकडे बघत उभी राहिली.

चर्चच्या फाटकापाशी देखरेख करणारा म्हातारा उभा होता. त्याने मला ओळखलं. "ही ती हजवाली ना? ही इथे, प्रार्थनेत?"

"ही बसायची आहे," उस्ताद म्हणाले आणि थांबले नाहीत.

त्या उकरलेल्या मातीत त्यांनी माझे तीन पाय रोवले. मी जराही हलले नाही. मास्तरांच्या खांद्याला धरून त्यांनी मास्तरांना माझ्यावर बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. काठी नव्हती, कारण काठीवर मास्तर बसले होते. फादरांची प्रार्थना लांबली. गाणं झालं, माती झाली, पुन्हा प्रार्थना झाली. अराफातच्या मैदानात तीनदा उठू न शकलेला तो माणूस उभा होता. त्याचा पाय थरथरत होता, ते माझ्या मागच्या पायाला मातीतून कळत होतं. लेक मागून येऊन पोचली. तिने आपला खांदा पुढे केला. उस्तादांनी मान हलवून नको म्हटलं. थोड्या वेळाने हात ठेवला.

लोक पांगले तरी मास्तर उठले नाहीत. त्यांचा हात सवयीने माझ्या कोपऱ्यावर गेला. एक गाठ, दुसरी गाठ. तिसऱ्या कोपऱ्यावर बोट थांबलं. शिंप्याच्या बोटाला शिवण ओळखायला डोळे लागत नाहीत.

"हे कोणी शिवलं?"

"मी. तिथेच. गाठ सुटली होती."

"शिवलेलं चालतं?"

"चालतं. तेव्हाही चालत होतं."

मास्तर कबरीकडे बघत होते. "ही म्हणाली होती मला, विचारा म्हणून." मग म्हणाले, "तू का नाही सांगितलंस?"

"तुझी बोटं बघितली," उस्ताद म्हणाले. "मग सांगवेना."

मास्तरांनी ती शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. शेवटी म्हणाले, "वाकडी घातलीयस."

"मग? घड्याळजी आहे मी."

त्या दिवसापासून मी पुन्हा दुकानाच्या दाराबाहेर असते. सकाळी माझ्यावर मास्तर बसतात, दुपारी चहाला उस्ताद. मधल्या वेळेत लेक येते. मास्तरांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, तेव्हा दोरा तीच ओवून देते आणि काज-बटणंही तीच करते, ओठांत सुई धरून. भांडण चालूच आहे. देव येतो की आपण जायचं, हे अजून ठरलेलं नाही, आणि दोघांनाही ते ठरवायची घाई दिसत नाही.

तेव्हा मित्रांनो, घरात कुठे काही जपून, झाकून, उंच ठेवलेलं असेल तर एकदा खाली काढून बघा. ज्याच्यासाठी ते केलं होतं, तो माणूस आत्ता कशावर बसलाय ते बघा. मला हात लावून डोळ्यांना लावू नका. थकला असाल तर बसा. मास्तरांनी दोन कोपरे पुन्हा दुहेरी शिवणीने पक्के केलेत. तिसऱ्याला त्यांनी सुईही लावलेली नाही. तो वाकडाच आहे आणि निर्धास्त बसा, तोच सगळ्यात पक्का आहे.